समुद्राचं मावंदं

केळीचं एक खोड लावलं की त्याच्या बुडातून पिल्लं फुटतात. कापली तरी फुटतात. किस्स्यांचंही तसंच आहे. आम्ही नवराबायको एकदाच, सातच दिवस, पाठीवर पिशव्या टाकून गोव्याला गेलो होतो. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या सात दिवसांचे किस्से अजून संपत नाहीत. सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणते, "सात दिवसांत एवढं कसं घडलं हो? मी पण होते ना तिथे." मी तिला सांगतो की मूळ खोड खरं आहे. पिल्लांची जबाबदारी मी घेत नाही.

* * *

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगतो.

ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस. मी जळगावात एका शाळेत चित्रकला शिकवायचो, घर मेहरूणला. अजिंठ्याला जाणारी गोरी जोडपी तेव्हा जळगाव स्टेशनवर उतरायची. पाठीवर केवढाल्या पिशव्या. घर, गादी, स्वयंपाक, सगळं पाठीवर. एकदा आम्ही कुणालातरी सोडायला गेलो, तर असंच एक जोडपं प्लॅटफॉर्मवर पिशव्यांना टेकून, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेलं. सुलभा पाहतच राहिली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आमचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे तिचं माहेर, धुळ्याजवळचं नरडाणा.

रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आपण कधी असं जायचं?"

"असं म्हणजे कुठे?"

"कुठे ते नाही. असं."

मग मी शाळेच्या एन.सी.सी.च्या खोलीतून दोन खाकी पिशव्या मागून आणल्या आणि आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं की आम्ही गोव्याला समुद्र पाहायला जातोय.

आबांचा सगळा जन्म रावेरकडे केळीच्या बागेत गेला. शेती मोठ्या भावाच्या हातात देऊन ते आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी पिशवी उचलून पाहिली. "पाठीवर वझं घेऊन फिरायले तू काय गाढव आहे?" एवढं म्हणून ते आत गेले आणि देवघरातला तांब्याचा गडू घेऊन आले. "जातोच आहे तर हा भरून आण. आपली गिरणा तापीत जाते, तापी समुद्रात जाते. म्हणजे समुद्र हे बठ्ठ्या तीर्थांचं तीर्थ. आला की मावंदं करू."

आमच्याकडे काशीहून गंगा आणली की मावंदं घालतात. पाण्याची पूजा करायची, तीर्थ वाटायचं, गल्लीला जेवण द्यायचं. समुद्राचं मावंदं कुणी ऐकलं नव्हतं, पण आबांना कोण सांगणार?

शेजारचे दगडूनाना ओट्यावर बसले होते. त्यांना माझ्या थापा पाठ होत्या. "आबा, हा कसला गोव्याला जातो! हा धुळ्याला जाईल, सासुरवाडीला चार दिवस जेवेल आणि नळाचं पाणी भरून आणेल."

आबा शांतपणे म्हणाले, "पोरगा जगाशी खोटं बोलतो, नाना. माझ्याशी नाही बोलत."

झालं. गल्लीसमोर आबांनी शब्द टाकला, आणि तो माझ्या गडूत येऊन पडला.

* * *

सुलभाने पिशव्या कशा भरल्या ते मला निघेपर्यंत माहीत नव्हतं. कपडे एका कोपऱ्यात. बाकी भरताची हिरवी वांगी, भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, लसूण, पाव किलो हिरवी मिरची. आणि पिशवीला बाहेरून बांधलेली पऱ्हाट्यांची मोळी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या.

"ही लाकडं कशाला?"

"वांगी कशावर भाजायची? गोव्यात कापूस पिकतो का?"

खानदेशी माणूस वांगं गॅसवर भाजणार नाही, उपाशी राहील.

पुण्याहून पणजीच्या गाडीत चढलो तेव्हा आमचा अवतार असा: माझ्या पाठीला लाकडाची मोळी, सुलभाच्या हातात तांब्याचा गडू, गडूच्या तोंडाला धूळ जाऊ नये म्हणून बांधलेलं लाल फडकं. दोन रात्रींची झोप नाही, त्यामुळे चेहरे उतरलेले.

कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं. गडूकडे पाहिलं. मोळीकडे पाहिलं. टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण होते?"

आता खरं सांगायला हरकत नव्हती. पण गाडी गच्च भरलेली होती, आणि माझी जीभ माझ्या आधी बोलते.

मी म्हणालो, "आबा."

पुढच्या सीटवरचे दोघं तिथल्या तिथे उठले. आम्हाला खिडकी मिळाली. साताऱ्याला एकाने चहा आणून दिला. कोल्हापूरला एका म्हातारीने सुलभाच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुलभाला खरंच रडू आलं, कारण तिला माझा संताप आला होता. ती माझ्या कानात पुटपुटली, "जित्ता मानूसले मारी टाकं!" सुलभा एरवी तुमच्याआमच्यासारखं बोलते. पण राग आला किंवा घाबरली की थेट माहेरच्या भाषेत उतरते.

शब्द नाही, पण त्या भाषेचा सूर मागच्या सीटवर पोचला. तिथून एक पांढऱ्या टोपीतलं डोकं पुढे आलं.

"आपल्याकडचे का? मी भडगावचा. जावई पणजीला आहे. घर कुठे तुमचं?"

हे भडगावचे अण्णा. त्यांनी मेहरूणचा पत्ता विचारून घेतला, गडूला दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि आम्ही कळंगुटच्या फाट्यावर उतरेपर्यंत आम्हाला धीर देत राहिले. "रडू नको ताई. भाग्यवान आहेत. समुद्र मिळतोय त्यांना."

* * *

कळंगुटला पोचलो आणि सुलभाने पहिल्यांदा समुद्र पाहिला. मीही पहिल्यांदाच पाहिला, पण एन.सी.सी.च्या कॅम्पला समुद्र पाहिल्याचं मी तिला मुलगी पाहायला गेलो तेव्हाच सांगून बसलो होतो. त्यामुळे मला आश्चर्य वाटू द्यायची सोय नव्हती.

तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवली. मग म्हणाली, "हाई बठ्ठं पानीच शे?"

"सगळं."

नरडाण्याची पोर ती. उन्हाळ्यात दोन हंड्यांसाठी बैलगाडी जुंपणारी. मग तिने उसासा टाकला. "इतलं पानी, आनि एक वाफा भरता येस नही."

आम्ही नदीकाठी काढतो तशा चपला काठावर काढल्या आणि वाळूत बसलो. अर्ध्या तासाने पाहतो तर पाणी चपलांपाशी आलेलं. उचलून मागे ठेवल्या. थोड्या वेळाने पुन्हा तिथे पाणी. आता गिरणेच्या काठचा माणूस याचा एकच अर्थ काढतो: वरून धरणाचं आवर्तन सोडलंय. पाच-पंचवीस माणसं पाण्यात खेळत होती. कुणाला पत्ताच नाही.

मी उभा राहिलो आणि ओरडलो, "बाहेर या! पाणी सोडलंय! पाणी सोडलंय!"

मराठी माणसं हसली. गोऱ्यांना मराठी येत नव्हतं, त्यामुळे ते बिचारे धावत बाहेर आले. त्यातली एक बाई थरथरत मला विचारत होती, "शार्क? शार्क?" तो शब्द मला माहीत नव्हता. मी म्हटलं, "येस, येस. पाटबंधारे खातं."

* * *

आम्ही उतरलो होतो ते फिलूआंटींच्या घरी. मागे दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी काढलेल्या, जेवणही त्याच करायच्या. पहिल्या दुपारी त्यांनी विचारलं, काय जेवणार? घरात माशांचा घमघमाट. आम्ही माळकरी घरातले. सुलभा घाबरली, आणि घाबरली म्हणजे काय होतं ते मी सांगितलंच आहे.

"मासा सोडीसन बठ्ठं द्या," ती म्हणाली. म्हणजे मासे सोडून सगळं चालेल.

आंटींचा चेहरा उजळला. "बटाट? बटाट जाय? बरें!"

दुपारी बटाट्याची भाजी आली. रात्री बटाट्याचा रस्सा. सकाळी चहाबरोबर बटाट्याचे काप. दुसऱ्या दिवशी आंटींनी विचारलं, "आज?" सुलभा म्हणाली, "सांगितलं ना, बठ्ठं." आंटींनी मान डोलावली आणि पिशवी घेऊन बाजारात गेल्या.

चौथ्या दिवशी माझं पोट ढोलासारखं वाजायला लागलं तेव्हा आंटींनी मला बाजूला घेतलं. "तुझी बायल मात्शी विचित्र मरे," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या गावात दुसरें कांय पिकना?"

मी जळगावचा माणूस. केळीची अब्रू जायला नको म्हणून सांगितलं, "पिकतं. पण तिला डोहाळे लागलेत."

त्या संध्याकाळी आंटींनी सुलभाला जवळ बसवून तिच्या हनुवटीला हात लावला आणि तिच्या ताटात दुप्पट बटाटे वाढले. डोहाळ्यांचं सुलभाला वर्षभराने कळलं. तोपर्यंत थोरली झाली होती, म्हणून मी वाचलो.

* * *

बटाट्यांना कंटाळून सुलभाने शेवटी वांगी काढली. किनाऱ्याच्या टोकाला तीन दगड मांडले, पऱ्हाट्या पेटवल्या, वर वांगी ठेवली. धूर निघाला. तो वास काय असतो हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही.

बाहेरच्या माणसाला नाकानं मात्र कळतं. पाच मिनिटांत जटा वाढवलेला एक गोरा आणि त्याची बायको येऊन बसले. पाठीवर आमच्यासारख्याच पिशव्या. त्याने डोळे मिटून धूर आत ओढला, धरून ठेवला, हळूहळू सोडला.

"कौन-सा माल?" त्याने आदराने विचारलं.

"बामणोदचा," मी म्हटलं. भरताच्या वांग्यांचं गाव आहे ते.

त्याने ते नाव वहीत लिहून घेतलं. मग वळून बायकोला काहीतरी सांगितलं, तिनेही धूर ओढला. दोघं बराच वेळ डोलत होती. आमच्या कपाशीच्या काड्यांना एवढा मान आयुष्यात कुणी दिला नव्हता.

सुलभाने वांगी सोलली, मिरची-लसूण घालून मगाच्या बुडाने ठेचली आणि पाहुणे म्हणून त्यांनाही भाकरीवर वाढलं. मिरची नेहमीचीच, म्हणजे पाव किलोतली निम्मी. गोऱ्याने मोठा घास घेतला. दोन क्षण काही झालं नाही. तिसऱ्या क्षणी तो उठला, सरळ समुद्रात धावत गेला आणि ओंजळ भरून पाणी प्यायला. ते खारट. मग तर तो तिथल्या तिथे उड्या मारायला लागला.

सुलभा शांतपणे भाकरी मोडत म्हणाली, "चला. समुद्राचा कुणाला तरी उपयोग झाला."

* * *

शेवटच्या दिवशी गडू भरायचा होता. मी काठावर वाकून भरायला लागलो, तर सुलभा म्हणाली, "काठचं कोणी तीर्थ म्हणून भरतं का? लोक पाय धुतात इथे. मधलं भरा."

"याला मध्य नाही, सुलभा."

"मेहरूणच्या तलावात तुम्ही या काठावरून त्या काठाला जायचात ना?"

हे मी तिला सांगितलं होतं. कसं गेलो ते सांगितलं नव्हतं. काठाकाठाने, सायकलवर.

पण आबांचा शब्द डोळ्यांसमोर आला आणि मी गेलो. छातीएवढ्या पाण्यात गडू बुडवला, वर काढला, फडकं बांधलं आणि वळलो, तेवढ्यात मागून लाट आली. मग आकाश खाली आणि वाळू वर असा प्रकार काही वेळ चालला. पाहणारे सांगतात की माझं बाकी काही दिसत नव्हतं, फक्त गडू धरलेला उजवा हात पाण्याबाहेर सरळ उभा होता. कालचा जटावाला गोरा धावत आला आणि मला बखोटीला धरून ओढायला लागला.

काठावरून सुलभाचा आवाज येत होता, "पहिले गडू धरा! गडू!"

त्या माणसाला मराठी कळत नव्हतं, म्हणून मी आज हे लिहितोय.

* * *

परत येताना नरडाण्याला एक मुक्काम ठरला होता, म्हणून मुंबईहून धुळ्याची गाडी घेतली. गडू सुलभाच्या मांडीवर. कसारा घाटात दोघांनाही डुलकी लागली. जागे झालो ते पुढच्या सीटवरच्या गृहस्थाच्या आवाजाने. त्याचं धोतर ओलं झालं होतं आणि तो शेजारच्या बाईच्या पोरावर संशय घेत होता. पोर जीव तोडून नाही म्हणत होतं. आम्ही दोघं खिडकीबाहेर पाहत बसलो.

धुळ्याच्या स्टँडवर उतरून फडकं सोडलं. तळाला दोन चमचे पाणी उरलं होतं.

"आबांना खरं सांगा," सुलभा म्हणाली.

"खरं सांगितलं तर नाना म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं? आपण समुद्र पाहिला, बुडालो, भरून आणला. आता ते सगळं खोटं ठरवून घ्यायचं?"

मी नळाखाली गडू धरला. भजीवाल्याकडून मूठभर मीठ मागून आणलं. चिमूट टाकायची, ढवळायचं, सुलभाने चाखायचं.

"नही शे अजून."

आणखी चिमूट.

"नही शे."

सहाव्या चिमटीला तिने तोंड वाकडं केलं. "हां. आते समुंदर शे."

दोन चमचे खरे होते, हे लक्षात घ्या. खोड खरं.

* * *

मावंद्याच्या दिवशी दारात मांडव, चुलाण्यावर भरीत, पुऱ्या. अख्खी गल्ली बसलेली. पाटावर गडू, त्याला हार, शेजारी आबा नवं धोतर नेसून. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होतो. सुलभा भांड्यांकडे पाहत होती.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी एक पांढरी टोपी दिसली. भडगावचे अण्णा. त्यांनी बोटं मोजून तेरावा दिवस काढला होता. मांडव, पंगत, पांढरी धोतरं पाहून त्यांची खात्री पटली. मला मिठी मारली, पिशवीतून दुखवट्याची टॉवेल-टोपी काढून माझ्या हातात ठेवली. गल्लीला वाटलं, सत्कार आहे. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. मी काही बोलायच्या आत अण्णा जाऊन आबांच्या शेजारीच बसले.

"कसे गेले?" त्यांनी हळूच विचारलं.

"एस्टीनं," आबा म्हणाले. "पाठीले पिशव्या बांधून."

अण्णा जवळ सरकले. "म्हणजे प्रवासातच?"

"मग? घरी बसून कोणी जातं का?"

"त्रास झाला का फार?"

"चार दिवस नुसते बटाटे. पोट फुगलं म्हणतात."

"अरेरे. वय तरी काय?"

"हेच तर जायचं वय," आबा म्हणाले. "आमच्या वयात कोण जातं? तरुणांनी जावं. मी तर म्हणतो, बायकोलेही घेऊन जावं."

अण्णांनी सुलभाकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

मग तीर्थ सुरू झालं. पहिली पळी नानांच्या हातावर. नानांनी ते जिभेवर घोळवलं, गिळलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, नऊ वर्षं धुळ्याला नोकरी केली मी. हे धुळ्याचं पाणी आहे. वरून मीठ."

आबांनी पळी ताम्हनात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझी जीभ माझ्या आधी बोलली नाही.

बोलले अण्णा. ते गडूकडे पाहत उठून उभे राहिले होते. "हाच! हाच गडू! पणजीच्या गाडीत यांच्या मांडीवर हाच होता. मी कळंगुटच्या फाट्यापर्यंत बरोबर होतो. आणि तुम्ही... तुम्ही यातलं पिताय?"

"म्हणजे हा गोव्याला गेला होता?" नानांनी विचारलं.

"म्हणजे काय! मी नमस्कार केला ना गडूला."

आबांचा चेहरा पुन्हा फुलला. त्यांनी नानांकडे एकदा पाहून घेतलं. मग सावकाश अण्णांकडे वळले.

"रिकाम्या गडूले नमस्कार?"

"रिकामा कसा? आबा होते ना त्यात."

"कोण आबा?"

"यांचे वडील," अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मेहरूणचे आबा."

आबांनी गडूत डोकावून पाहिलं. मग माझ्याकडे. मग पळी उचलली, काठोकाठ भरली आणि अण्णांचा हात ओढून त्याच्यावर धरली.

"घ्या पाव्हणे," आबा म्हणाले. "जरा खारट झालो आहे, पण कडू नाही."